खिळ्यावरचा डबा

बाबा, मी आज घरीच आहे. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली म्हणून शाळेला रजा टाकली. माझी नोकरी कुठे जात नाही. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नुसती मान हलवली असती, आणि तुमचा विश्वास बसलेला नाही हे मला कळलं असतं.

आपला विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता तेव्हाची गोष्ट. तुम्ही अकोल्याच्या गिरणीत मागावर होता. खोकल्यातून रक्त पडायला लागलं आणि तुमच्या मागावर बदली म्हणून शेजारचे काका उभे राहिले. तुमच्या खात्यात समजूत अशी, की ज्याचा डबा मागाजवळच्या खिळ्यावर, जागा त्याची. म्हणून आई रोज पहाटे भाकरी थापायची, काका तो डबा नेऊन तुमच्या खिळ्याला अडकवायचे आणि दुपारी तेच खायचे. तुम्ही खाटेवरून विचारता, "लटकवला ना?" मी हो म्हणते. मग तुम्ही डोळे मिटता.

युनियनचे एक गृहस्थ मुद्दाम घरी आले होते. "भाऊ, मोठ्या दवाखान्यात नाव लिहा. टीबीचा इलाज चालू असला तं कोनी कामावरून काढू शकत नाई, नवा कायदा हाये." तुम्ही त्यांना चहा पाजला आणि साधा ताप आहे म्हणून वाटेला लावलं. ते गेल्यावर आईला म्हणालात, "टीबीचं नाव निघालं तं पोरीले कोन करून घेईन?" कायद्यापेक्षा तुमचा त्या खिळ्यावर भरवसा. याचा राग यायला हवा, पण मला तोही येत नाही.

साध्या तापासाठी गिरणी थांबली नाही. होळीनंतर एका संध्याकाळी काका डबा घासूनपुसून घेऊन आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "भाऊ, जागा मले देली. उद्यापासून माह्या घरून डबा येईन." तुम्ही म्हणालात, "बरं झालं, आपल्याच मानसाले भेटली," आणि भिंतीकडे तोंड केलंत. त्या साली पावसाळा लागायच्या आत तुम्ही गेलात. पुढे अमरावतीला माझं लग्न ठरलं, तेव्हा तुम्हाला काय झालं होतं हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाही. फक्त एक सांगते. आज सकाळी मी डबा भरला, शेजारच्या बाईंबरोबर शाळेत पाठवला आणि माझ्या खुर्चीला अडकवून ठेवा म्हणून सांगितलं.