उंबरठा कुणाचा

भावजी,

तुम्ही घरमालक, आम्ही वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. तुमचा विमावाला म्हणाला, "जिना मालकाचा, दाराच्या आतलं भाडेकरूचं." आमचा म्हणाला, "दाराबाहेर आमचा संबंध नाही." आणि हे नेमके उंबरठ्याला अडखळून गेले. पाय आत, डोकं जिन्यावर. मरताना मेलं सोयीचं तरी पडायचं!

तुम्हीही मान खाली घालून म्हणालात, "वहिनी, उंबरठा तुमच्याकडेच धरू या." तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उंबरठ्याची सैल फळी ठोकून द्या, म्हणून हे किती वेळा तुमच्या मागे लागले होते!

आता भांडण नाही. संध्याकाळ झाली की हे तिथेच येऊन बसतात, चपला हातात घेऊन. आत या म्हटलं तर येत नाहीत, जिनाही उतरत नाहीत. आपण नक्की कुणाकडे, हे त्यांनाही कळत नसावं. तेव्हा उंबरठा माझ्याच नावावर लिहा. फळी मात्र ठोकू नका. ती वाजली की मला कळतं, हे आले.

हे पत्र तुम्हाला द्यायला खाली यायचंय. पण यांना ओलांडून कशी येऊ?

तुमची,
वरची वहिनी