लाल झालेला चट्टा

चिमणे,

तुझ्या परीक्षेत जिवाला घोर नको म्हणून लपवलं. मला कुष्ठरोग झाला होता. औषधं सुरू झाल्यावर हातावरचा चट्टा उलट लालभडक सुजला, बोटं बधिर पडली. मी गोळ्या बंद करायला निघाले, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अहो, थांबा! तुमच्या पेशींना आता कुठे जंतू ओळखू आलेत. एकमेकींना हाका मारून त्या तुटून पडल्यात. फक्त त्या भांडणात बोटांना जाणीव देणारी नस चिरडायला नको.” त्यांनी सूज उतरवायचं औषध जोडून दिलं.

आज चार महिन्यांनी बटण लावताना सुई त्याच बधिर बोटात घुसली. मी “आई गं!” ओरडले. तुझे बाबा धावत आले, तर मी आपली हसतेय!

हे पत्र टाकणार नाही. सुट्टीत आलीस की वेणी घालता घालता सांगेन.

तुझी ठणठणीत
आई