न सोडणारी खुर्ची

दि. १२ मे

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, बाबांचा एक पायजमा सोडून.

तक्रार गंभीर आहे. तागाच्या कापडावर जवसाच्या तेलाची राळ चढवून घडवलेली तुझी खुर्ची तू बाबांना बसायला पाठवलीस. उठायची काही सोय केलीस का? परवा दुपारी उकाड्यात बाबा उठले, तर खुर्चीही उठली. मी खुर्ची धरली, ह्यांनी बाबांना धरलं. पायजम्याचा मागचा भाग कामी आला.

"बघ," बाबा म्हणाले, "पोरीची माया कशी सुटत नाही!"

माझ्याकडे राहतात, दोन्ही वेळा माझ्या हातचं जेवतात. ती माया कुठे चिकटत नाही, पोटात जाते आणि पचते. असो.

पेपरातला तुझा फोटो पाहिला. पाहावाच लागतो, बाबांनी तो माझ्याच फ्रिजवर लावलाय. 'तेलातून खुर्ची घडवणारी.' मीही तीच राळ शिजवते, बाई. पण माझ्या फळ्या कपाटांच्या पाठीला लागतात, भिंतीकडे तोंड करून. त्यांचा फोटो कोण काढणार?

वाचनालयाच्या खुर्च्या पुढच्या आठवड्यात तुझ्याकडून जाणार, असं बाबांकडून कळलं. खरं सांगू? आधी वाटलं, गप्प बसावं. वाचक चिकटले तर बिघडलं कुठे, पुस्तकं तरी वाचून संपतील! त्या विचाराने मी दिवसभर गुणगुणत होते. ह्यांनी विचारलंसुद्धा, "आज काय विशेष?"

संध्याकाळी खुर्ची उलटी केली आणि खालून खरवडली. राळ नखात आली, वास कच्च्या तेलाचा. तुझं मिश्रण चोख आहे, ताग नीट वाळवलायस. भाजणी तेवढी कमी पडली. तुझ्या भट्टीचा काटा आपल्या आत्यासारखा, असेल त्याहून चढवूनच सांगणार. त्याच्यावर विसंबू नकोस. खुर्च्या पाठवू नकोस. सगळ्या पुन्हा भट्टीत घाल, आत खुर्चीशेजारी थर्मामीटर ठेव, आणि नख उमटेनासं होईपर्यंत बाहेर काढू नकोस.

बाबांची खुर्ची मी माझ्या भट्टीत पुन्हा भाजली. खणखणीत झाली. रंग मधासारखा उतरला. इतकी देखणी दिसली की मला जेवण गेलं नाही. बाबा बसले, उठले, पुन्हा बसले. "सुटली की!" म्हणाले. जरा हिरमुसलेच.

सोबत छोटं पार्सल आहे. त्यात तुझा थर्मामीटर आहे, काच पुसून ठेवलाय. दोन दिवसांसाठी म्हणून नेला होता. मग तुझा फोटो आला आणि परत द्यायला हात होईना. तू मागितला नाहीस. तेही मला खुपलं.

पोचल्याचं नंतर कळव. आधी खुर्च्या.

तुझीच,
ताई