रविवारची दोन केळी

गोरखीमागची गल्ली,
लष्कर, ग्वाल्हेर
रविवार, ३ फेब्रुवारी १९५७

सन्माननीय स्नेही रमाकांतराव यांस,

तुम्हाला साष्टांग नमस्कार लिहावा की आमच्या पद्धतीने प्रभूच्या नावाने सलाम, या घोळात दोन कागद वाया गेले. शेवटी दोन्ही लिहितो. जो पटेल तो ठेवून घ्या आणि उरलेला मातोश्री माईंच्या नजरेस पडू देऊ नका. तुमचा डावा गुडघा भोपाळच्या चढ-उतारांवर कसा काय निभावतो आहे? राजलक्ष्मीवहिनींना तिथलं पाणी मानवलं का? माईंची प्रकृती आणि माईंचं सोवळं, दोन्ही ठणठणीत असोत (दुसऱ्याविषयी मला काळजी नाही, ते आपल्या सर्वांच्या मागे उरणार आहे).

इकडे आमचं उत्तम चाललं आहे. तुमची आठवण मुळीच येत नाही, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल. संस्थान गेलं, मध्यभारत आला, आठ वर्षांत तोही गेला, आणि आता आपण मध्यप्रदेश झालो. एवढी स्थित्यंतरं पचवलेल्या माणसाला एक शेजारी भोपाळला गेल्याने काय होणार? खरं म्हणजे चूक माझीच झाली. मागे दरवर्षी उन्हाळ्यात राजधानीबरोबर दप्तर इंदूरला जायचं, तुम्ही गाठोडी मोजत त्याच्याबरोबर जायचात आणि दिवाळीच्या सुमारास दप्तरासकट परत यायचात. त्यामुळे ऑक्टोबरात तुम्हाला स्टेशनवर पोहोचवताना मी मनात तोच अंदाज बांधला होता. राज्यांची पुनर्रचना म्हणजे जरा लांबलेला उन्हाळा, अशी माझी समजूत. नकशानवीस असून नकाशा कळला नाही, असं ही म्हणते. (ही म्हणजे अर्थातच तुमची रूथवहिनी. चार महिन्यांत विसरला नसाल.)

आमच्या घरचा नियम तुम्हाला नव्याने सांगायला नको, पण लिहायला बरं वाटतं म्हणून लिहितो. आमचे वडील नगरहून इथे आले तेव्हा या लष्कर भागात त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. पहिल्या रविवारी कुणी जेवायला बोलावलं नाही, आणि ते त्यांच्या मनाला इतकं लागलं की पुढे जन्मभर त्यांनी उपासनेहून एकट्याने घरी यायचं नाही असं ठरवलं. जो भेटेल तो पाहुणा. त्यात पोटनियम असा, की पाहुण्याला जेवण होऊन हात धुवेपर्यंत नाव, गाव, काम काही विचारायचं नाही. विचारलं की माणूस लहानमोठा ठरतो, आणि मग रस्सा वाढणाऱ्याचा हातही तसाच लहानमोठा होतो, असं ते म्हणत. अनोळखी माणसाच्या रूपाने कधी देवदूतही येऊन जेवून जातो, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांचा जयसिंहरावांशी परिचय झाला नव्हता. त्या गृहस्थांकडे पुढे येतोच.

तुम्ही आलात तो रविवार मला लख्ख आठवतो. चर्चच्या फाटकापाशी तुमच्या सायकलची साखळी उतरली होती, आणि मी तुम्हाला हाताला धरून घरी आणलं. नियमाप्रमाणे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर दरबारी पुरोहितांच्या घरातला माणूस ख्रिस्ती घरच्या पाटावर आणून बसवण्याचा अविचार माझ्या हातून झाला नसता. हिने ताट वाढलं. तुम्ही ताटाकडे पाहिलंत, दाराकडे पाहिलंत आणि आज उपास आहे म्हणालात. दुसऱ्या रविवारी तुम्ही आपणहून आलात, तेव्हाही उपास. तिसऱ्या रविवारी हिने मला आत बोलावून विचारलं की हा माणूस आजारी आहे का. मग कोडं उलगडलं आणि बाड्यावरच्या बाजारातून केळी आली. केळ्याला आतून कुणाचा हात लागलेला नसतो, हा शोध कुणाचा, तुमचा की हिचा, यावर आपला वाद अजून मिटलेला नाही.

तेव्हापासून बावीस वर्षं तुम्ही आमच्याकडे जेवलात, म्हणजे जेवला नाहीत. ताट पूर्ण वाढायचं, बाजूला दोन केळी ठेवायची, पाणी तुमच्या तांब्यातलं तुम्ही प्यायचं. आणि तरी हिच्या स्वयंपाकाचे परीक्षक तुम्हीच. नुसत्या वासावर तुम्ही सांगायचात, “वहिनी, आज मसाला जरा जास्त भाजला गेला,” आणि ही खाली मान घालून कबूल करायची. मी तोच रस्सा वाटी वाटी ओरपत असायचो, मला कधी काही कळलं नाही. बटाट्याच्या भाजीत हिंग घालायचा राहिला होता ते तुम्ही उंबऱ्यातून ओळखलंत. असा पाहुणा पुन्हा कुठून आणायचा?

आणायचा प्रयत्न मात्र केला. तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये निम्मी बाकं रिकामी होती (आमचीही माणसं भोपाळला गेली, देवाच्या लेकरांना बदलीतून सूट नाही). मी एकटाच घरी आलो. हिने तीन ताटं मांडली होती. ती तिसऱ्या ताटाकडे बघत राहिली. मी तसाच चपला घालून बाहेर पडलो. बाड्यावर टांग्यांपाशी जयसिंहराव मिशांना पीळ देत उभे होते. माणूस खानदानी, एकेकाळी संस्थानच्या घोडदळात होता, आता घोडं नाही आणि दळही नाही. आमंत्रण त्यांनी अशा थाटात स्वीकारलं, जसा काही मी किल्ला सर करायला बोलावतो आहे. आणि किल्ला त्यांनी सरही केला. दुपारचं मटण गेलं, संध्याकाळसाठी झाकून ठेवलेलं गेलं, आणि त्यांनी एका चकमकीची हकीकत सांगितली ती तीनदा, प्रत्येक वेळी शत्रू वाढत गेला. पुढच्या दोन्ही रविवारी ते आपणहून आले, सोबत दोन पुतणे आणि एक कुत्रा. वडिलांचं खरं मानायचं आणि जयसिंहराव देवदूत ठरायचे, तर स्वर्गात मटण पुरायचं नाही. पण माझी तक्रार खाण्याबद्दल नाही. ही भांडी आवरताना मला म्हणाली की तीन रविवार झाले, मीठ कमी आहे की जास्त, हे कुणी सांगितलं नाही.

नाताळ तसाच गेला. करंज्या झाल्या. सारणात वेलदोडा आहे की नाही, ते आम्ही दोघांनी एकमेकांना विचारलं.

मग गेल्या रविवारची गंमत. उपासना सुटली तेव्हा फाटकापाशी, अगदी तुमची साखळी उतरली होती त्याच जागी, एक उंच, भल्या चेहऱ्याचा माणूस सायकल धरून कुणाची तरी वाट पाहत होता. मला जे व्हायचं ते झालं. मी त्याला हाताला धरलं आणि घरी नेलं. वाटेत तो म्हणत होता, “बाबूजी, हमारी बात तो सुन लीजिए।” मी म्हटलं, पहले खाना, फिर बात. पाटावर बसल्यावर त्याने खिशाकडे हात नेला. हिने त्या हातावर चपाती ठेवली. त्याने पुन्हा तोंड उघडलं, हिने पुन्हा वाढलं. चार चपात्या, दोनदा भात आणि वाटीभर खीर खाऊन, हात धुऊन, त्याने रीतसर सांगितलं की त्याचं नाव दौलतसिंह, तो बिर्लानगरला राहतो, आमच्याच कचेरीत पंधरा दिवसांपूर्वी चपराशी म्हणून लागला आहे, आणि साहेबांनी तातडीचं पाकीट देऊन मलाच शोधायला पाठवलं होतं. आमच्या कचेरीचा चपराशी मला ओळखू आला नाही, आणि तातडीचं पाकीट खीर संपेपर्यंत थांबलं. मी सही केली. जाताना तो हिला म्हणाला, “अम्माजी, खीर में इलायची थोड़ी कम थी।” रमाकांतराव, ही पदर डोळ्यांना लावून आत गेली. बिचाऱ्या दौलतसिंहाला वाटलं आपलं काही चुकलं, तो माझी क्षमा मागत बसला.

पाकिटातली बाब किरकोळ आहे, तिने पत्र लांबवत नाही. राजलक्ष्मीवहिनींना नमस्कार, माईंना दुरून दंडवत (पुरेशा दुरून).

आपला,
शमुवेल रणभिसे

ता. क. १ : स्टेशनवर गाडी हलता हलता हिने खिडकीतून तुमच्या हातात पितळी डबा दिला होता. वर दोन केळी होती, खाली करंज्या. तुम्हाला उपास आहे म्हणायला वेळ मिळू नये म्हणून ती मुद्दाम गाडी हलेपर्यंत थांबली होती. केळी खाल्ली असणार. करंज्यांचं काय झालं, ते विचारायचं नाही असं आमचं ठरलं आहे, म्हणून विचारत नाही. वेलदोडा पुरेसा होता का?

ता. क. २ : पाकीट माझ्या बदलीचं आहे. एक मार्चला भोपाळला हजर व्हायचं. सरकारी घर मिळायला तीन-चार महिने लागतील, धर्मशाळा भरल्या आहेत, लोक कचेरीच्या टेबलांवर झोपतात असं ऐकतो. घर मिळेपर्यंत ही इथेच राहील. मला तेवढे दिवस तुमच्याकडे राहता येईल का? हे एक वाक्य लिहायचं होतं, त्यासाठी वरचं सगळं लिहिलं. जन्मभर लोकांना हाताला धरून घरी आणलं, पण स्वतः कुणाच्या दारात उभं राहायची सवय नाही.

आणखी एक, आजवर न बोललेलं. फार वर्षांपूर्वी एका रविवारी तुम्ही चष्मा विसरलात आणि तो द्यायला मी पाठोपाठ तुमच्या घरी आलो. पौषातली थंडी होती. तुम्ही अंगणात ओल्या पंचाने कुडकुडत उभे होता, माई तांब्याने तुमच्या अंगावर पाणी ओतत होत्या. चष्मा ओट्यावर ठेवून मी मागे फिरलो. तीन दिवस तुमच्याशी धड बोललो नाही, तुम्हाला वाटलं माझी दाढ दुखते आहे. चौथ्या दिवशी विचार केला, की घरी गेल्यावर गार पाण्याची अंघोळ ठरलेली असताना जो माणूस दर रविवारी येतो, त्याच्यावर मी कशाला रुसलो आहे? त्यामुळे माईंची अडचण मला कळते. मला व्हरांड्यातला कोपरा पुरे. पाणी माझ्या तांब्यातलं पिईन. वहिनींना ताट वाढायचं असेल तर वाढू द्या, मी वासावर सांगेन कसं झालं आहे ते. केळी माझी मी आणीन.

ता. क. ३ : भावोजी, पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. यांना केळं चालत नाही, लगेच खोकल्याची उबळ येते. बावीस वर्षं या घरात केळी आली ती फक्त तुमच्यासाठी. नंतर सगळ्यांनी हव्या तितक्या अंघोळी करा, पण यांना जेवायला वाढा. — रूथ