नमद्याच्या दारावर टकटक

प्रिय आयझिरेक,

अक्रोडाच्या लाकडाच्या, आतून चामडं लावलेल्या घोड्याच्या टापा, चार जोड. पायाखाली करकरणाऱ्या बर्फाच्या आवाजासाठी बटाट्याचं पीठ भरलेली कातडी पिशवी. ताडपत्री ताणलेलं, हाताने फिरवायचं वाऱ्याचं पिंप. एकतीस वर्षं सिनेमांत वाजलेलं हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. शिकवायला कुणी नव्हतं. म्हणून काल बिश्केकला तुमच्या सिनेमाच्या चाचणी खेळाला बसलो, तो बाप म्हणून नाही, कान म्हणून.

आणि तू तंबूच्या दारावर टकटक वाजवलीस! अगं, नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा पडदा तो, त्यावर टकटक होते का? शेजारची म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "यांच्याकडे लोकर सुताराकडून विणून घेतात वाटतं!" लोक हसले. हसले कुठे, तर सिनेमातल्या आईला मुलगा गेल्याचं कळतं तिथे. वर ढोल बडवलेत ते वेगळेच. बाहेर तुझा निर्माता म्हणतो, "काका, ढोल नसला की लोक मोबाइल काढतात." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, खरा प्रसंग माझ्या कपाटात आहे, फितीवर, त्यात एक ढोल नाही.

तू बेल असलेल्या घरात वाढलीस, चूक माझीच. कुरणावर आलेला माणूस बाहेर उभा राहून खाकरतो. तुझा तेमिरकाका गेला त्या उन्हाळ्यात मी तंबूत बसून आजीच्या चहाची धार टेप करत होतो. बाहेर शेजारचा बेक्तूर खाकरला. धार थांबली. तो आत येऊन बसला.

"वर गवत कसं आहे?" आजीनं विचारलं.

"गवत छान आहे, वहिनी. तुमची तांबडी घोडी खाली आली."

"एकटीच?"

तेमिर तिच्यावरूनच वर गेला होता. आजीनं पुन्हा धार धरली. पाहुण्याला ती कायम अर्धीच वाटी द्यायची. भरली वाटी म्हणजे आता ऊठ, हे तुलाही ठाऊक आहे. फितीवर धारेचा सूर चढत जातो, चढतच जातो, काठापर्यंत, मग खाली अंथरलेल्या दस्तरखानावर सांडल्याचा आवाज. बेक्तूर उठून गेला. रडणं त्यानंतरचं. माझं बोट बटणावर होतं आणि मी टेप बंद केला नाही. एवढ्यासाठीच आजवर तुला त्या फितीला हात लावू दिला नाही.

सिनेमा लागायला महिना आहे. फीत या पत्रासोबत आहे, फुकट, फक्त तुला. एकदा एकटी बसून ऐक. टकटक आणि ढोल काढणार असशील तरच लाव. नाहीतर परत पाठव आणि सिनेमाच्या आभारांतलं माझं नाव काढून टाक.

आज सकाळी निर्मात्याचा माणूस घरी आला होता. फीत त्यांच्या नावावर करून द्यायची, तिच्याखाली ढोल वाजत राहणारच, तीन लाख सोम रोख. मी चहा ओतला. त्याची वाटी काठोकाठ भरली.

तुझाच,
बाबा