अण्णांचा कडूकंद

संगमनेर, १ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
रुपालीचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या वाडीला रेंज नाही, म्हणून दुधाच्या टेम्पोवाल्या सूर्यभानच्या हाती हे पत्र देते. अण्णांनी आठ दिवस पेजेशिवाय काही घेतलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, पोटात गेलं तरच उठतील. काल अण्णा आपणहून म्हणाले, की गोजरकडचा कडूकंद खावासा वाटतो. कच्चाच पाठव, शिजवेन मी. माझ्या हाताला चव नाही म्हणतेस ना, बघच आता!

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी रुपाली

खडकवाडी, ता. अकोले, ४ डिसेंबर

चि. रुपालीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

कंद पाठवलाय. वेल वाळल्यात, हुडकता हुडकता गुडघं गेलं माझं. लई कडू असतोय, कच्चा म्हंजी ईखच. सालून चकत्या कर, राख घालून उकड, मंग रातभर पान्यात ठेव. सकाळी मीठ घालून परत शिजव. तुझ्या अण्णाला म्हनावं, वाल्मिक, ल्हानपनी माझ्या वाटचा चोरून खायचास, आता हक्कानं खा.

पोरांना मुका. जीव लावून ऱ्हावा.
गोजरआत्या

संगमनेर, ९ डिसेंबर

आत्या,

अण्णा परवा गेले. तू लिहिलंस तसंच सगळं केलं. चकत्या रात्रभर बादलीत ठेवल्या, दोनदा पाणीही बदललं. अण्णांनी ताटली चाटूनपुसून खाल्ली, मला आनंदानं रडू आलं. माझ्या ओमनं ताटलीत हात घातला तर अण्णांनी त्याला चापट मारली. म्हातारा हावरा झाला म्हणून मी हसले गं!

दोन तासांत उलट्या, मग झटके. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. काय पाठवलंस तू हे? दहाव्याला येऊ नकोस. तुझं तोंड बघवणार नाही मला.

रुपाली

खडकवाडी, १२ डिसेंबर

चि. रुपालीस आशीर्वाद.

आमच्याकडं पान्यात ठेवायचा म्हंजी वढ्यात, टोपली धोंड्याखाली दाबून. वाहत्या पान्यानं ईख निघून जातं, बादलीत ते तितंच ऱ्हातं. तुझ्या दारी वढा न्हाई हे माझ्या टकुऱ्यात आलंच न्हाई. चूक माझी हाय, तुझी न्हाई. इचारतील त्यांना माझं नाव सांग.

पर एक सांगते, राग आला तरी. कंदात ईख राहिलं की पयल्या घासालाच घसा धरतो. जन्मभर खाल्लेल्या मान्साला ते कळलं न्हाई, असं हुनार न्हाई. म्हनून तर ओमला चापट मारली त्यानं. तरी का खाल्ला? तू एवढ्या हौशीनं केला म्हनून, का जगायला कटाळला म्हनून, मला न्हाई ठावं. रडून रडून डोळं सुजलं, तरी उमगंना.

दहाव्याला मी येनार. नगं म्हनलीस तरी येनार. घाटावर लांब उभी ऱ्हाईन, तुझ्याम्होरं येनार न्हाई. भाऊ हुता माझा.

तुझी अपराधी,
गोजर