'आपलं परडं' जसं होतं तसं

मी, गंगव्वा भीमाप्पा घुगरे, वय ७१, धंदा रोपवाटिका, राहणार टाकाळा, कोल्हापूर, कुणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाखाली नव्हे तर स्वतःच्या अकलेने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. राग आहे का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. आहे. तो धरूनच पुढचे वाचावे.

१. माझी माणसं. पती भीमाप्पा उद्यमनगरात लेथवर होते, ते २००१ साली वारले. एकुलता मुलगा सोमेश, संगणकाचे क्लास चालवतो. सून शांभवी. तिघे एकाच घरात राहतो. घर व मागची सहा गुंठे बाग मी रोपं विकून घेतलेली, माझ्या एकटीच्या नावावर आहे. ती कुणाला द्यायची हा सर्वस्वी माझा प्रश्न.

२. आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे समाधी द्यावी. वर फुलझाड लावायचेच झाले तर कोडोलीच्या प्रीतीने (कलम ५ पाहा) लावावे. शांभवीने हात लावू नये. तिच्या हातात प्लास्टिकचं फूलसुद्धा मान टाकतं.

३. हे कलम लांब आहे, वकिलांनी गाळू नये. पती गेल्यावर मी भिंतीकडे बघत बसायची. तेव्हा, २००२ साली, सोमेशने इंटरनेटवर 'आपलं परडं' (परडं म्हणजे घरामागची परसबाग) नावाची जागा काढली. घर, अंगण, झाडं यांविषयी कुणीही विचारावं, कुणीही सांगावं. हे त्याने माझ्यासाठीच केलं, ते मी नाकारत नाही. मी सातवी शिकलेली. एका बोटाने एकेक अक्षर हुडकत उत्तरं लिहू लागले. लिंबाला फळ का धरत नाही, कुंडीत मुंग्या का होतात, न्हाणीघराचा गिलावा का सुटतो. सहा वर्षांत हजारो उत्तरं झाली. कधी तोंड न बघितलेली माणसं मला अव्वा म्हणू लागली.

तिथे आमची एक रीत होती. एकाचं कलम दुसऱ्याने नेलं की वर्षाने त्याच प्रश्नाखाली येऊन लिहायचं, 'जगलं' किंवा 'गेलं'. त्याशिवाय दुसरं मागायचं नाही. गगनबावड्याच्या पारूबाईंनी माझा सोनचाफा नेला. तिथला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. तीन वर्षं त्यांनी 'गेलं' लिहिलं, चौथ्या वर्षी 'जगलं'. त्या दिवशी मी घरात शिरा केला होता आणि कशाबद्दल ते कुणाला सांगितलं नव्हतं.

४. २००८ च्या दिवाळीत सोमेशने हे सगळं बदललं. मला विचारलं न्हाय की सांगितलं न्हाय. सकाळी उघडून बघते तर हिरव्याचं जांभळं झालेलं, मधोमध सोफ्याची जाहिरात, आणि माझ्या नावापुढे 'नवीन सदस्य' म्हणून एक हिरवा कोंब. सहा वर्षं राबून मला कोंब फुटला. आता म्हणे चांदण्या मिळवायच्या, मग उत्तर वर दिसणार. फोटो नसेल तर तळाला. तीन महिन्यांपेक्षा जुन्या प्रश्नाला कुलूप. म्हणजे झाड जगलं की गेलं हे लिहायची वाटच बंद. लोकांनी आरडाओरडा केला, तर ओरडणाऱ्यांची नावं काढून टाकली. मी विचारलं तेव्हा सोमेश मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "अव्वा, हुईल की सवय. लोकांच्या सोयीसाठीच केलंय."

शांभवीला मात्र पंधरा दिवसांत 'मुख्य माळी' केलं. तिने तुळशीला रोज दोन वेळा कुंडी भरून पाणी घाला असं लिहिलं. नव्वद चांदण्या मिळाल्या. किती तुळशी कुजल्या त्याची नोंद कुठं न्हाय, कारण ती लिहायला जागाच ठेवलेली न्हाय. जानेवारीत जागा पुरेना म्हणून सोमेशने जुनं सगळं पुसून टाकलं. पारूबाई गेल्या, बाकीचे एकेक करून गेले. प्रीती तेवढी अजून एस.टी.ने घरी येते आणि काय जगलं ते तोंडी सांगते.

५. माझा कलमाचा चाकू, दोन्ही खुरपी व झारी प्रीतीस द्यावी. ती कोडोलीच्या दवाखान्यात नर्स आहे. तिचा हात हलका आहे आणि ती कमी बोलते.

६. नव्या 'परड्या'वर वर्षभरात मला मिळालेल्या एकूण चार चांदण्या सून शांभवी हिला कायमच्या देण्यात याव्यात. दुसरं काही नाही.

७. सोमेश म्हणत होता की पुसण्याआधी जुनं सगळं एका सीडीवर उतरवून लोखंडी कपाटात ठेवलं होतं. कपाट उपसलं, सीडी नव्हती. बसवजयंतीला सगळे पावणे जेवायला बसलेले असताना मी त्याला खोटारडा म्हणाले. तो ताटावरून उठला. "अव्वा, तुझी शपथ, ठेवलती मी." मी म्हणाले, "माझी शपथ आत्ता खर्चू नको, मी मेल्यावर घे." त्यानंतर आम्ही एका पंगतीला बसलो नाही.

तरी घर व बाग सोमेशला देण्याची अट अशी. माझ्या मृत्यूपासून एका वर्षाच्या आत 'आपलं परडं' त्या दिवाळीआधी जसं होतं तसं, प्रत्येक प्रश्न-उत्तरासह, परत उभं करावं. केलं तर घर त्याचं. नाही केलं तर घर व बाग शेजारचे बाळासो यांना मिळावी. बाळासोंनी तीस वर्षं माझ्या आंब्याच्या फांद्या कुंपणावरून छाटल्या आणि पालापाचोळा आमच्या दारात लोटला. ते बाग साफ करून गाड्यांसाठी फरशी घालतील हे मला माहीत आहे. सोमेशला ते डोळ्यांसमोर नकोत, एवढ्याच लायकीवर त्यांची निवड केली आहे.

८. त्या एका वर्षात सोमेश व शांभवीने घरातच राहावे, पण नवीन मांडणीत. चूल गच्चीवरच्या खोलीत, पलंग रस्त्याकडच्या पडवीत, न्हाणीघराची किल्ली वकिलांकडे. डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलाव्यात व दर महिन्याला पुन्हा बदलाव्यात. कारण कुणी सांगू नये. त्यांच्या सोयीसाठीच आहे.

९. हे कलम वेगळ्या कागदावर, लखोट्यात बंद आहे. माझ्या मृत्यूला वर्ष पूर्ण झाल्यावर वकिलांनी ते सोमेशसमोर फोडावे, एक दिवसही आधी नाही.

सोमेश, सीडी मला सापडली. तू जुनं पुसल्यावर माघात पेरूला पोपट लागले, म्हणून मी कपाटातल्या चकत्या दोऱ्याने फांद्यांना टांगल्या. गाण्यांच्या असतील असं वाटलं, चष्मा लावला नव्हता. यंदा भाद्रपदात एक तुटून खाली पडली. तिच्यावर तुझं अक्षर होतं, 'परडं, जुनं सगळं'. उन्हापावसानं वरच्या मुलाम्याचे पोपडे निघाले होते. राजारामपुरीत नेट कॅफेवाल्याला दाखवली. त्याने दोनदा घालून बघितली आणि मान हलवली.

तू खोटं बोलला नव्हतास. हे मी तुला त्याच संध्याकाळी सांगू शकत होते. तू माझ्या गोळ्या आणून दिल्यास आणि दारात जरा थांबलास. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, गिळलं. सांगितलं असतं तर तू तिथंच सुटला असतास, आणि माझ्या लिहिण्याचा विषय या घरात पुन्हा निघाला नसता. आता वर्षभर तू माळे, पेट्या, जुने संगणक उपसले असशील, लोकांना फोन केले असशील. मी सहा वर्षं लिहिलेलं कुणीतरी एक वर्ष शोधावं, एवढंच मला पाहिजे होतं. घराचं वर लिहिलंय ते बदलत न्हाय. किल्ली बाळासोंना दे.

अंमलबजावणी : ॲड. राजशेखर हिरेमठ यांनी करावी. यापूर्वी केलेले मृत्युपत्र नाही, यानंतर करणार नाही.

लिहून ठेवणार : गंगव्वा भीमाप्पा घुगरे (सही)

आमच्यासमोर बाईंनी स्वतःच्या हाताने सही केली. लखोट्यातला मजकूर आम्ही वाचलेला नाही.
साक्षीदार १ : गणपतराव शेटे, निवृत्त शिक्षक, टाकाळा (सही)
साक्षीदार २ : चिमणाबाई मगदूम, फुलविक्रेती, राजारामपुरी (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण : कोल्हापूर
दिनांक : १४ नोव्हेंबर २००९